दीडशे एमबीचा घाट

‘आजकाल साइज कोण बघतं यार?’ हे माझ्या रूममेटचं ठाम मत. ती हिंजवडीत डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवते. मी मास कॉमवाली, त्यामुळे मुकाट मान डोलावली. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दीडशे एमबी म्हणजे मॅगी शिजेपर्यंतचं काम!

मग जूनमध्ये मामेभावाकडे गेले. तळोद्याहून चांदसैली घाट ओलांडला की धडगाव. तिथे त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर रूममेटच्याच कंपनीचं... आणि ते सुचवलं होतं मीच! पहिला पाऊस झालेला, पाड्यांवरची माणसं बियाण्यासाठी पहाटेच निघून आलेली, आणि स्क्रीनवर एकच पट्टी: ‘अपडेट सुरू आहे, ४ टक्के.’ ते संपेपर्यंत बिल निघेना.

‘ताई, तुझ्या मैत्रिणीला विचार ना, बदललंय तरी काय?’

रेंज मिळाल्यावर फोन लावला. बदललं होतं काय, तर बिलावरची एक ओळ. पण सॉफ्टवेअर इलेक्ट्रॉनवर बनवलेलं. म्हणजे प्रत्येक अॅपसोबत क्रोमियमचं अख्खं ब्राउझर इंजिन आणि नोड जेएस येणारच. एका ओळीसाठी सगळा संसार पुन्हा डाउनलोड! २ एमबीपीएस सलग मिळालं तर दीडशे एमबीला १० मिनिटं. २५६ केबीपीएसवर सव्वा तासाहून जास्त. त्यात लाइट गेली की पुन्हा श्रीगणेशा.

मग लायब्ररी सोबत द्यायच्याच नाहीत का? मी हे म्हणताच भावाने हात जोडले. त्याचं आधीचं सॉफ्टवेअर तसंच होतं. इन्स्टॉलर जेमतेम २ एमबीचा, पण सुरू केला की उरलेलं सगळं नेटवरून मागायचा. नाही मिळालं तर ‘डीएलएल सापडत नाही’ म्हणून हटून बसायचा. बारीक होता तो फक्त दिसायला!

याच जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधार नोंदणीचं सॉफ्टवेअर तर तेव्हा नेट नसतानाही चालायचं. माहिती मशीनवर साठवायची, रेंज मिळाली की पाठवायची. म्हणजे रेंज नसणार हे धरूनही सॉफ्टवेअर बनवता येतं.

रात्री रूममेटला सांगितलं, ‘पहिल्यांदा सगळं सामान भरून पेन ड्राइव्हवर दे. दीडशे काय, तीनशे एमबी चालेल. नंतर मात्र बदललेला तुकडाच पाठव. आणि अपडेट कधी घ्यायचं ते दुकानदाराला ठरवू दे.’

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, ‘डेल्टा अपडेट म्हणतात त्याला. करायचं राहूनच गेलंय.’

आणि त्या दिवशीची गर्दी? भावाने कपाटातून जुनं बिलबुक काढलं. परतीची जीप सुटायच्या आत सगळ्यांच्या हातात बियाणं होतं. कार्बन पेपरला लायब्ररी लागत नाही ना, बॉस!