ओहोटीचे मैदान

स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा १९९४ च्या कबड्डी संघातील आम्ही पाच-सहा जण एकत्र बसलो. प्रत्येकाची आठवण निराळी निघाली. परंतु बोलता बोलता सर्वांचे बोलणे एकाच मुलापाशी येऊन थांबू लागले. म्हणून हा लेख एकाच्या हातचा असला तरी तो सर्वांच्या वतीने आहे.

त्या जूनमध्ये शाळेत नवे क्रीडाशिक्षक आले. त्यापूर्वी सराव म्हणजे दोन गट पाडून खेळणे एवढेच होते, आणि तालुक्याच्या दुसऱ्या फेरीत हरून परतणे आमच्या अंगवळणी पडले होते. रायगडच्या किनाऱ्यावर गावोगाव कबड्डीची मंडळे. आगरी-कोळी वस्तीत पोर चालू लागले की चढाई करू लागते, असे गमतीने म्हणतात. अशा जिल्ह्यात हरल्याची आम्हांला लाजही वाटेनाशी झाली होती.

सरांपुढे पहिली अडचण पावसाची. जुलैत शाळेच्या मैदानात घोट्याएवढा चिखल. सरांनी कोळीवाड्यातील एका वृद्धाकडून तिथीचे गणित शिकून घेतले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे सकाळी वाळू पाण्याखाली. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे सकाळी सहाला समुद्र दूर गेलेला आणि मागे राहिलेली वाळू सारवलेल्या अंगणासारखी घट्ट. त्या दिवसांत वंदना पाचलाच होई. अधीक्षक कुरकुरत, आम्हीही कुरकुरत असू. सर सुरूच्या काटकीने मध्यरेषा, निदान रेषा, अंतिम रेषा आखीत आणि आम्हांला साखळी धरून तासभर नुसते डावी-उजवीकडे सरकायला लावीत. चढाई करायची परवानगी पंधरा दिवसांनी मिळाली. “आधी पाय शिकवू, मग हात,” असे त्यांचे म्हणणे. पुढे आमच्यातले दोघे मंडळांच्या संघांत खेळले ते या पायांच्याच बळावर.

संघात नववीतला एक कातकरी मुलगा होता. डोंगराकडच्या वाडीवरचा, अंगाने किडकिडीत. परंतु निदान रेषा ओलांडून पाय लांबवला की कोपऱ्यातल्या गड्याला लागूनच परत येई. त्याच्याइतका लांब दम कोणाचाच नव्हता. हे आम्हांला ठाऊक होते, तरी त्याला आम्ही राखीव खेळाडूंत बसवीत असू. सरावानंतर कळशीतले पाणी एकाच पेल्याने फिरे, आणि तो पेला त्याच्याकडे सर्वांत शेवटी जाई. पुष्कळदा तो पेल्यासाठी थांबतच नसे. नळाखाली ओंजळ धरी. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते. आम्ही बहुतेक बौद्ध घरांतली मुले. दरवर्षी २० मार्चला महाडला जाऊन चवदार तळ्यासमोर हात जोडणारी. तळ्याची कथा आम्हांला पाठ होती, आणि कळशी रोजची होती.

सरांनी यावर व्याख्यान दिले नाही. एका सकाळी पाऊस आला म्हणून आम्ही सुरूच्या बनात आडोशाला बसलो असता त्यांनी बाळू पालवणकरांची हकिकत सांगितली. चर्मकार समाजातील हा गोलंदाज पुण्यात हिंदूंच्या क्लबाकडून खेळे. मैदानावर चेंडू त्याच्या हाती, पण चहा मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते अखेर १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले, आणि त्या वर्षी संघ जिंकला. याच बाळूंनी १९३७ मध्ये बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढवली व ते हरले, हेही सरांनी लपवले नाही. आम्ही त्याच गोष्टीवर वाद घालीत बसलो. मातीच्या भांड्याविषयी कोणीच बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्या मुलाला कर्णधार नेमले. आमच्यातले तिघे दोन दिवस सरावाला गेले नाहीत. त्यांपैकी एकाच्या हातून हा लेख उतरतो आहे. तिसऱ्या दिवशी आम्ही मुकाट्याने गेलो, तेव्हा नवा कर्णधार कळशी भरून उभा होता. त्याने पेला आमच्यापुढे धरला. रागावला असता तर बरे झाले असते, असे तेव्हाही वाटले, आजही वाटते.

तालुका आम्ही सहज जिंकलो. जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात शेवटची तीन मिनिटे उरली असताना आम्ही चार गुणांनी मागे होतो. त्याने एका चढाईत तिघांना बाद केले आणि पुढच्याच चढाईत उरलेले दोघे मारून लोण चढवला. अंतिम सामना त्यामानाने सोपा गेला. त्याच ऑक्टोबरात हिरोशिमाच्या एशियाडमध्ये भारताने कबड्डीचे सुवर्णपदक मिळवले. वसतिगृहात आम्ही दोन्ही विजय एकाच रात्री साजरे केले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परतला नाही. विभागीय स्पर्धा आठ दिवसांवर होती. सर आमच्यातल्या दोघांना घेऊन वाडीवर गेले. अर्ध्याहून अधिक झोपड्यांची दारे काट्यांनी बंद. कुटुंबे वीटभट्टीवर गेली होती. भट्टी दुसऱ्या तालुक्यात सापडली. तो आईबरोबर चिखल तुडवीत होता. वडिलांनी पावसाळ्यातच उचल घेतली होती, ती फिटेपर्यंत माणूस कमी करता येत नव्हते. सरांनी खिशातले पैसे पुढे केले; वडिलांनी ते घेतले नाहीत. निघताना त्याने आम्हांला एवढेच विचारले, “डावा कोपरा आता कोण राखतो?”

विभागात आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. सरांनी पुढच्या जूनमध्ये वाडीवर दोन खेपा घातल्या; तोवर त्याचे नाव पटावरून कमी झाले होते.

कार्यालयातील भिंतीवर त्या संघाचे छायाचित्र अद्याप आहे. ते जानेवारीत काढलेले, त्यामुळे ढालीभोवती आम्ही अकराच जण दिसतो आणि खाली नावेही अकराच आहेत. या अंकासाठी तेच छायाचित्र दिले आहे. खालच्या ओळीत बारावे नाव पहिले छापावे, अशी संपादक मंडळास आमची विनंती आहे. ते १९९४ च्या हजेरीपटावर सापडेल. वाचकांपैकी कोणास त्याचा ठावठिकाणा माहीत असल्यास शाळेत निरोप द्यावा. आम्ही जाऊन भेटू.