पाण्याला कड नसते

नंदुरबार जिल्ह्याची उत्तर हद्द म्हणजे नर्मदा. सरदार सरोवर धरण २०१७ साली १३८.६८ मीटर उंचीवर पूर्ण झालं. मणिबेलीसारख्या किती तरी गावांची वाट पाण्यातून गेली. दवाखानासुद्धा तिथे बोटीने पोहोचवावा लागला. अशा बोटीचं इंजिन मध्येच बंद पडलं, तर आतल्या बाळंतिणीने काय करावं?

त्या इंजिनाला हात लावणारा मिस्त्री बहुधा गॅरेजातच शिकलेला. आमच्या उर्दू शाळेतली मुलंही दहावीनंतर उस्तादाच्या हाताखाली जातात. हात लवकर बसतो, पण ‘का’ विचारायचं राहून जातं. फ्यूज उडाला की तार गुंडाळायची, झालं काम! गाडी निदान रस्त्याच्या कडेला उभी राहते. पाण्याला कड नसते.

म्हणून विज्ञानाच्या तासाला आम्ही सांगतो: बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी काढा, जोडताना शेवटी लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला पान्याची ठिणगी पुरते. पेट्रोलचं इंजिन असेल तर झाकण उघडून आधी वाफ जाऊ द्या. स्टार्टर फिरत नसेल तर गिअर न्यूट्रलला आहे का पाहा, मग टर्मिनलवरचा क्षार. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ दाखवते, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. तेवढं चढलं नाही, तर चार्जिंगमध्ये दोष. आणि फ्यूजच्या जागी तार नकोच, आग तिथूनच लागते.

दुरुस्तीला आलेलं इंजिन ही अमानत आहे. त्यावर विसंबून बोटीत बसणारे अनोळखी जीवही अमानतच. हा शब्द मुलांना समजावून सांगावा लागत नाही.