किती इंच?

गेले तीन शनिवार अस्मादिक एकाच प्रश्नात अडकलेत. आमच्या टोयोटा टकोमाला लिफ्ट बसवायची का, आणि बसवायची तर किती इंच? बायकोच्या मते घर घेतानाही मी एवढा विचार केला नव्हता. खरंय. घरासाठी मी एक्सेल शीट केली नव्हती.

तर झालं असं. आम्ही डेन्व्हरला राहतो. इथून दिवसभराच्या ड्रायव्हिंगवर सॅन हुआन डोंगरांत 'इंजिनिअर पास' नावाची खिंड आहे, उंची १२,८०० फूट. नावातच आपण आहोत म्हटल्यावर जाणं आलंच! गेल्या उन्हाळ्यात गेलो, आणि एका दगडावर गाडीचं पोट असं काही खरवडलं की तो आवाज अजून दातांत आहे. घरी येऊन जाहीर केलं, "गाडी उंच करायची."

ज्यांना हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे स्पेसर. पुढच्या स्प्रिंग-शॉकच्या डोक्यावर धातूची जाड चकती ठेवायची. स्प्रिंग चाकापेक्षा आतल्या बाजूला असल्यामुळे इंचभर चकतीने गाडी साधारण दोन इंच उचलली जाते. दुसरा प्रकार म्हणजे स्प्रिंग आणि शॉकच नवे घालायचे. खर्च बराच, पण चाल चांगली राहते. तिसरा बॉडी लिफ्ट: चासी तिथेच, फक्त वरचा सांगाडा उचलायचा. दिसायला उंच, पण पोट होतं तिथंच. म्हणजे हा बाद.

मी तीन इंचांवर आलो होतो. मग वाचत गेलो तशी शीट लांबत गेली. तेवढ्या उंचीला पुढच्या चाकांचे सीव्ही ॲक्सल जास्त तिरके चालतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. अलाइनमेंट नीट बसत नाही, म्हणून नवे अप्पर कंट्रोल आर्म. हेडलाइट पुन्हा खाली करायचे, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपणार. गुरुत्वमध्य वर जातो तो वेगळाच. एका बगसाठी फिक्स टाकावा आणि चार नवे निघावेत, तसं.

याच सुमारास बाबा तीन महिन्यांसाठी आले. बाबांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढलीत. मी मोठ्या उत्साहाने शीट दाखवली. त्यांनी शीट बाजूला ठेवली आणि गाडीखाली वाकून बघितलं.

"मागचा ॲक्सल सलग आहे ना रे? मग पाट्यांवरनं गाडी कितीही उचल, हा मधला गोळा जमिनीपासून तेवढाच राहणार. तो चाकाबरोबर असतो."

मी गप्प. तीन शनिवार, आणि हे शीटमध्ये नव्हतं. मागचा डिफरन्शियल वर न्यायचा तर टायरच मोठा हवा, आणि तिथंही फायदा व्यासाच्या निम्माच.

"मागं वजन किती असतं?"

"काही नाही हो. तंबू, पाणी."

"मग जाड पाटा कशाला? रिकामी एसटीच जास्त आदळते."

तरीही माझा हट्ट सुटला नव्हता. त्या रविवारी एका मित्राकडे जेवायला गेलो. त्याच्या पिकपला तीन इंचांची लिफ्ट आहे. म्हटलं, बाबांना एक चक्कर मारून आणू. त्यांनी हँडल धरलं, उजवा पाय वर घेतला, आणि थांबले. दोन वर्षांपूर्वी त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. परत एकदा प्रयत्न केला. मग हँडल सोडून म्हणाले, "तुम्ही या जाऊन, मी इथं उन्हात बसतो. बरं वाटतंय."

ज्या माणसाने आयुष्यभर एसटीच्या केबिनमध्ये टणाटण चढ-उतार केली, तो गॅरेजसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून आम्हाला हात करत होता. त्या चक्करीत मित्र सस्पेन्शनबद्दल काय बोलला, मला एक अक्षर आठवत नाही.

आधी त्यांना मी इंजिनिअर पासचे फोटो दाखवले होते. तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "एवढ्या घाटात मला नेशील?"

रात्री शीट पुन्हा उघडली आणि पहिल्या ओळीत मूळ प्रश्न लिहिला: पोट खरवडलं. त्याला उत्तर, खाली जाड स्किड प्लेट. टायर २६५/७० चे २६५/७५ केले, चाक १६ इंचीच. व्यास ३०.६ वरून ३१.६ झाला, म्हणजे डिफरन्शियल अर्धा इंच वर. स्पीडोमीटर आता ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ ला असते, एवढं लक्षात ठेवायचं. लिफ्ट: शून्य इंच.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "माझ्यासाठी नको हं बदलूस काही."

"नाही हो, तुमच्या त्या गोळ्यासाठी."

ते हसले. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधल्या उरलेल्या फळ्यांचं त्यांनी एक ठेंगणं स्टूल ठोकलं, वर जुन्या टायरचं रबर मारलं, घसरू नये म्हणून. ते आता मागच्या सीटखाली असतं.

जुलैत बर्फ वितळला की निघतोय. असो.