ठिगळ

ठिगळ हे आपल्याकडे दारिद्र्याचे लक्षण. गोधडीवर ते शोभते, सदऱ्यावर मात्र लपवावे लागते. संगणकाच्या जगात 'पॅच' म्हणजे ठिगळच. पण तेथे प्रतिष्ठेची रीत उलटी. ठिगळ नसलेले यंत्र तेथे लाजिरवाणे.

हे आम्हां मराठीच्या अध्यापकांस कळले ते एका अर्जामुळे. पालघरला आमच्याकडे शिकून गेलेला एक विद्यार्थी तारापूर औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यात सर्व्हर सांभाळतो. २०१७च्या एप्रिलमध्ये तो अर्जाचा मसुदा तपासून घ्यावयास आला. मागणी एवढीच : चार तास सर्व्हर बंद ठेवू द्यावा.

कारण असे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने 'एमएस१७-०१०' हे ठिगळ प्रसिद्ध केले होते. विंडोजमध्ये फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या 'एसएमबी' या भागात असे छिद्र होते की, पासवर्ड ठाऊक नसलेल्या परक्यालाही दूर बसून आपल्या यंत्रावर हवी ती आज्ञा चालविता यावी. (यासच 'रिमोट कोड एक्झिक्युशन' म्हणतात.) गंमत अशी की, ठिगळ प्रसिद्ध होताच छिद्र कोठे आहे हेही जगजाहीर होते. शिवणारा आणि चोर, दोघे एकाच दिवशी कामाला लागतात. त्यातच १४ एप्रिलला हे छिद्र भेदणारे आयते हत्यारच 'शॅडो ब्रोकर्स' या टोळीने उघड्यावर आणून टाकले.

व्यवस्थापनाचा नकार आम्हांस मूर्खपणाचा वाटला नाही. रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच शिजत असता तिच्या तापमानाची नोंद ठेवणारे यंत्र कोण बंद करील? शिवाय ठिगळाने जुने सॉफ्टवेअरच बिघडले तर? विद्यार्थी म्हणाला, "सर, काही झालं नाही तर म्हणतील, उगाच थांबवलं. झालं तर म्हणतील, आधी का नाही थांबवलं?" जे घडू नये, त्याचा लाभ अर्जात कोणत्या शब्दांत मांडावा, हा पेच आम्हांसही सुटला नाही.

तो 'वॉनाक्राय'ने सोडविला. १२ मे रोजी, म्हणजे ठिगळ आल्यानंतर ५९ दिवसांनी, तो जगभर पसरला; इंग्लंडमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. अर्ज त्याच आठवड्यात मंजूर झाला. आधी एका जादा यंत्रावर ठिगळ लावून पाहिले, मग दोन बॅचेसच्या मधल्या वेळेत काम उरकले. चाराचे साडेपाच तास झाले, एवढेच.

जून उजाडला तरी जगातली सारी यंत्रे शिवून झाली नव्हती. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला, तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. ठिगळातच विंचू! त्याची दुसरी खोड अधिक वाईट : न शिवलेल्या एका यंत्रात शिरून तेथील पासवर्ड उचलायचे आणि त्यांच्या आधारे शिवलेल्या यंत्रांतही घुसायचे. म्हणजे शेजाऱ्याचे छिद्रही आपलेच. आपल्या राज्यात त्याचा फटका बसला तो न्हावाशेव्याला. जेएनपीटीमधील मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

त्या उभारणीसाठी लागणारी, कंपनीच्या साऱ्या जाळ्याची ओळख राखणारी नोंद जगभरातील त्यांच्या सर्व्हरांवरून पुसली गेली होती. ती शाबूत सापडली फक्त घानामधील एका सर्व्हरवर. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती.