‘पाळणे’ या क्रियापदाविषयी

‘पाळणे’ हे मराठीतले मोठे लवचीक क्रियापद आहे. आपण गाय पाळतो, शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो आणि घरात कुणी गेले की सुतकही पाळतो. या साऱ्या प्रयोगांत एक गोष्ट समान आहे : जे पाळायचे, त्याने घातलेल्या मर्यादेत पाळणाऱ्याला राहावे लागते. वर्गात हे उदाहरण मी अनेकदा दिले आहे. त्याचा अर्थ अनुभवाला आला तो मात्र माझ्या आठ वर्षांच्या लेकीने ‘मला एक छोटासा प्राणी हवा’ असे सांगितल्यानंतर.

तिचे आजोबा जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. शाळेतून आल्यावर तिचे दिवसभराचे ऐकून घेणारे माणूसच घरातून नाहीसे झाले होते. आम्ही दोघेही नोकरी करणारे. दिवसभर बंद घरात कुत्रा ठेवणे मनाला पटेना. तेव्हा लहानशा प्राण्यांचा शोध सुरू झाला. दुकानात लोक किंमत विचारतात, खाणे विचारतात. आमची लेक मात्र प्रत्येक पिंजऱ्यापुढे एकच प्रश्न विचारी, ‘हा किती वर्षं जगतो?’ हा प्रश्न कुठून येतो आहे, हे मला कळत होते. म्हणून त्याला खोटे उत्तर द्यायचे नाही, एवढे मी ठरवून टाकले.

हॅम्स्टर दोन-तीन वर्षे जगतो. आज घरोघरी दिसणारे बहुतेक सोनेरी हॅम्स्टर १९३० साली सीरियातील अलेप्पोजवळ पकडलेल्या एका मादीच्या आणि तिच्या पिल्लांच्या वंशातले आहेत. पण तो निशाचर. मुलगी जागी असते तेव्हा तो झोपतो, आणि झोपमोड केली की चावतो. ज्यांना आपल्याकडे ‘लव्हबर्ड्स’ म्हणून विकतात ते बहुधा बजरीगर असतात; ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात मोठ्या थव्यांनी दूरवर उडणारे पक्षी. हातभर पिंजऱ्यात त्यांची जोडी ठेवून त्याला प्रेमाचे नाव द्यायचे, हे काही गळी उतरेना. आणि जुन्या वाड्यांच्या ओसरीवरचा तो राघू? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. अजूनही कित्येक घरांना त्याचा पत्ता नाही.

कासव पुष्कळ जगते, हे ऐकल्यावर लेक तिथेच थांबली. तिला न मरणारे काहीतरी हवे होते. पण चांदणी कासवाला याच कायद्याचे संरक्षण आहे आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. उरते ते डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले अमेरिकी कासव. विकताना ते नाण्याहून थोडेसे मोठे असते. पुढे ते जवळजवळ फूटभर वाढते आणि काही दशके जगते. मग लोक ते तळ्यात सोडून मोकळे होतात, आणि तिथल्या देशी कासवांच्या अन्नावर, जागेवर संकट येते. शिवाय त्याच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. लहान मुलांना होणाऱ्या संसर्गामुळेच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. हे सारे मी तिला सांगितले. तिला ते आवडले नाही.

सशाचा विषय निघाला तेव्हा मला ‘लीळाचरित्रा’तला ससा आठवला. पारध्यांच्या कुत्र्यांना भिऊन तो चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो. स्वामी पारध्यांना परतवतात आणि मग सशाला जाऊ देतात. गोष्ट ऐकून लेक म्हणाली, ‘मग त्यांनी तो ठेवून का नाही घेतला?’ इतकी वर्षे ही लीळा शिकवते आहे, पण कुणा विद्यार्थ्याने हे विचारले नव्हते. राखणे वेगळे आणि ठेवणे वेगळे, एवढेच मला त्या क्षणी सुचले. तो ससा रानातला. दुकानातला पांढरा ससा निराळ्या जातीचा. तो आठ-दहा वर्षे जगू शकतो, पण त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, त्याला सतत गवत चघळायला लागते आणि उचलून घेतलेले बहुधा रुचत नाही. मुलाला कुशीत घ्यायला काहीतरी हवे असते. सशाला नेमके तेच नको असते.

अखेर आम्ही गप्पी मासे निवडले. डासांच्या अळ्या खातात म्हणून पालिकेची माणसे हौदांत सोडतात, तेच हे साधे मासे. गोल भांड्याला मी नकार दिला, चाळीस लिटरची टाकी आणली, पाणवनस्पती लावल्या आणि महिनाभर एकही मासा न सोडता टाकी चालू ठेवली. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू टाकीत रुजायला काही आठवडे लागतात. ते रुजावेत म्हणून रोज चिमूटभर खाद्य पाण्यात कुजायला टाकायचे. मासा नसलेल्या टाकीत खाद्य टाकणारी आठ वर्षांची मुलगी पाहुण्यांना विचित्र वाटे. मला मात्र त्या महिन्यातच तिचे पाळणे सुरू झाले असे वाटते.

‘हे किती वर्षं जगतात?’ दोन वर्षे, फार तर थोडी अधिक, मी म्हणाले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे मी पाचवीत जाईन तोपर्यंत.’

गप्पी अंडी घालत नाहीत, पिल्लांना जन्म देतात, आणि संधी मिळाली तर तीच पिल्ले खातात. तिने पाणवनस्पती दाट लावून पिल्लांसाठी आडोसा केला. पहिला नर मेला तेव्हा टाकीत त्याची सहा पिल्ले होती. मोगऱ्याच्या कुंडीत त्याला पुरल्यावर तिने विचारले, ‘माशाचं सुतक किती दिवस पाळायचं?’ आणि लगेच, गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच, ‘आबांना आधी माहीत होतं का गं, आई?’

मी जे खरे होते ते सांगितले. आबांना माहीत होते. आम्हालाही होते. त्या संध्याकाळी आम्ही आबांविषयी खूप बोललो.

मुलासाठी कोणता प्राणी घ्यावा, असे अधूनमधून सहकारी विचारतात. दहाएक वर्षांपर्यंतचे मूल खाऊ घालील, नाव ठेवील, जीव लावील; पाणी बदलायचे, पिंजरा झाडायचा आणि डॉक्टर शोधायचा तो मोठ्यांनीच. तेव्हा प्राणी किती वर्षे जगतो, हा प्रश्न आधी मोठ्यांनी स्वतःला विचारावा आणि तेवढी वर्षे आपल्यापाशी आहेत का ते पाहावे. गप्पी ओढ्या-नाल्यात कधी सोडू नयेत, हेही सांगते. तिथल्या माशांचा तो घास असतो. आमच्या टाकीत सध्या अकरा मासे आहेत. दर रविवारी थोडे पाणी बदलायचे असते, आणि ते काम अजून माझ्याकडेच आहे.