सुट्टी कशाला? लावणीला!

‘लावणीसाठी चार दिवस सुट्टी हवी आहे,’ असा मेल माझ्या रूममेटनं टाकला, तेव्हा तिच्या टीम लीडरचा रिप्लाय आला, ‘वॉव! तू डान्स करतेस?’

ही ऐरोलीच्या एका आयटी पार्कात काम करते. आम्ही दोघी कळव्याला वन बीएचके शेअर करतो. दरवर्षी जुलै उजाडला की हिचं एक्सेल शीटमधलं लक्ष उडतं आणि फोनवर एकच चौकशी सुरू होते, ‘आवण केवढं झालंय?’ आवण म्हणजे भाताची रोपं, हे मला तीन वर्षांनी कळलं. यंदा म्हटलं, चला, आपणही जाऊ. पाऊस, हिरवंगार गाव, चुलीवरचं जेवण, मस्त फोटो आणि भरपूर झोप. यातली झोप सोडून बाकी सगळं मिळालं!

कळव्याहून स्लो लोकलनं कल्याण आणि तिथून मुरबाडची एसटी. रायत्याला उल्हास नदीचा पूल ओलांडला की बिल्डिंगा मागे पडायला लागतात. होर्डिंग्ज मात्र पिच्छा सोडत नाहीत. सेकंड होम, एनए प्लॉट, निसर्गाच्या कुशीत वगैरे वगैरे. मुरबाडला गाडी बदलली आणि धसईला उतरलो.

नाव ओळखीचं वाटतंय? बरोबर! नोटाबंदीनंतर 1 डिसेंबर 2016 ला ‘राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव’ अशी ज्याची घोषणा झाली, तेच हे धसई. तेव्हा इथल्या स्वाइप मशीन बातम्यांमध्ये झळकल्या होत्या. पुढे नोटा परत आल्या, मशीनचं कौतुक ओसरलं. आसपासच्या वाड्या-पाड्यांची ही बाजारपेठ. किराणा, खतं, छत्र्या, प्लास्टिकचे कागद आणि सुकी मासळी. बाजार संपला की दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि समोर सह्याद्रीची उभी भिंत. ढग जरा बाजूला झाले की गोरखगडाचा सुळका डोकं वर काढतो. दोनदा मी तो गड चढले आहे. दोन्ही वेळा पायथ्याच्या शेतांमधून गेले असेन. आठवतंय ते फक्त वरचं.

संध्याकाळी ओटीवर चहा घेत मी मनापासून म्हटलं, ‘काकू, किती शांत आहे हो तुमच्याकडे!’

काकू लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘पोरं कुठं आहेत गावात? शांतच असणार.’

मी गप्प. ज्या शांततेसाठी आपण वीकेंडला दोन-दोन हजार मोजतो, तिचा हा अर्थ माझ्या डोक्यातच आला नव्हता. गावातली पोरं कल्याणला, भिवंडीच्या गोदामांत, मुरबाडच्या एमआयडीसीत. आणि एक माझ्याच घरात, शेजारच्या बेडवर.

दुसऱ्या दिवशी पाचला उठवलं. आधी रोपं उपटायची, त्यांच्या मुठी बांधायच्या. तोवर पॉवर टिलर खाचरात चिखल करतो. पूर्वी हे काम बैलांचं. मग बायका एका ओळीत उभ्या राहतात आणि वाकून मागे-मागे सरकत दोन-तीन रोपांचा एकेक चूड चिखलात रोवत जातात. बघायला सोप्पं! माझे चूड पाच मिनिटांत पाण्यावर तरंगायला लागले. शेजारच्या आजींनी ते एका हातानं गोळा केले, दुसऱ्या हातानं स्वतःची ओळ चालूच. वर म्हणतात कशा, ‘खोचायचं गं बाय, ठेवायचं नाही.’

दुपारी बांधावर तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि करटुल्याची भाजी. तेव्हा कळलं की लावणी चार दिवसांची दिसते, पण तिची सुरुवात उन्हाळ्यात होते. शेण, पालापाचोळा, वाळलेल्या फांद्या जमिनीवर पसरून जाळायच्या. हा राब. त्यानं तणाचं बी मरतं आणि माती भुसभुशीत होते. त्याच जागेवर जूनमध्ये भात पेरायचं, तीनेक आठवड्यांत आवण तयार. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापणी, मग झोडणी आणि उरलेल्या ओलीवर वाल. पावसाला कॅलेंडर कळत नाही. तो आला की दोन-चार दिवसांत सगळ्यांनाच माणसं हवी असतात. म्हणून सावड. आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. पगार नाही, पण हिशोब पक्का. यंदा हिच्या घरच्या ओळीत सात जणी होत्या. काकूंना चौदा आठवतात. सातांमधली सगळ्यात लहान हीच, सत्तावीस वर्षांची.

तिसऱ्या दिवशी एक पांढरी गाडी दारात थांबली. जमिनीचा दलाल. काकांची दीड एकर वडिलोपार्जित जमीन रस्त्याला लागून आहे. ‘उद्या कल्याण-मुरबाड रेल्वे झाली की बघा,’ वगैरे ऐकवून झालं. कल्याणला राहणारा भाऊ तयार आहे. काकांचे गुडघे आता चिखलात टिकत नाहीत, त्यामुळे तेही अर्धे तयार आहेत. दीड एकराचं भात घरात वर्षभर पुरतं, बाजारात विकण्याइतकं उरत नाही. दलाल सांगेल तो आकडा मात्र कळव्यात घर घेण्याइतका.

‘पोरीची सही लागेल,’ दलाल म्हणाला. लागेलच. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला आणि 2005 मध्ये तो देशभर आला. ती हात धुऊन आली, कागद वाचले आणि म्हणाली, ‘लावणी होऊ दे. मग बोलू.’

रात्री मी बोललेच. ‘अगं, ईएमआय न भरता घर! विचार कर.’ ती म्हणाली, ‘आपल्या घरमालकीण आजींना विचार.’

आमच्या घरमालकीण आजी म्हणजे कळव्याच्या जुन्या आगरी कुटुंबातल्या. भाडं द्यायला गेलं की पार्किंगकडे बोट दाखवून सांगतात, इथं आमचं खाचर होतं, तिकडे बांध, भरतीला खाडीचं पाणी अडवायला. मी दरवेळी ‘हो का?’ म्हणते आणि जीपे करते. त्यांना बिल्डिंगमध्ये फ्लॅट मिळाले, नातवंडं शिकली, वाईट काहीच झालं नाही. पण तांदूळ त्या आता मॉलमधून आणतात आणि प्रत्येक वेळी पिशवीत हात घालून वास घेऊन बघतात. मला ती त्यांची सवय वाटायची.

विका किंवा विकू नका, हे मी कोण सांगणार? दीड एकरात काकांचं म्हातारपण भागत नाही, हे खरंच आहे. फार्महाऊस बांधणाऱ्याला चिखल झेपत नाही, हेही खरं आहे. पण एक गोष्ट मला परत आल्यावर टोचली. एमआयडीसीचं शटडाऊन असलं की कळवा, मुंब्रा, दिव्यात नळ कोरडे पडतात आणि आपण वैतागतो. ते पाणी बारवी धरणाचं. 1972 मध्ये बांधलेलं हे धरण पुढे उंच केलं, तेव्हा त्यात याच मुरबाड तालुक्यातल्या गावांची शेतं गेली. आणि त्याच तालुक्यातल्या काही पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. तांदूळ, पाणी, माणसं, सगळं तिकडून इकडे. इकडून तिकडे काय जातं? आपण. शनिवारी सकाळी जातो आणि रविवारी संध्याकाळी परत.

सोमवारी कळवा स्टेशनवर ही लोकलची वाट बघत उभी होती. फॉर्मल कुर्ता, गळ्यात आयकार्ड आणि नखांत अजून चिखल. टीम लीडरनं विचारलंच, ‘मग? कसा झाला परफॉर्मन्स?’

हिनं सांगितलं, ‘सर, पूर्ण झाला. दिवाळीत कापणीला पुन्हा सुट्टी लागेल.’

सही अजून केलेली नाही.

जायचंय?
कल्याणहून एसटीनं मुरबाड, तिथून धसई. लावणी बघायची तर जुलै, पिवळं शेत बघायचं तर ऑक्टोबर. खाचरात उतरायचं असेल तर आधी विचारा, बांधावरूनच चाला. आणि फोटो काढून झाला की एक मूठ तरी लावून या. तरंगली तर आजी आहेतच!