‘टेल’ या शब्दाविषयीं

इंग्रजी ‘टेल’ शब्दाचा पहिला अर्थ शेपूट. नाण्याची मागली बाजू, धूमकेतूचा पिसारा वगैरे अर्थ त्याच्यामागून येतात. आमच्या इंदापुरांत मात्र पहिला अर्थ पाण्याचा. १८७६-७७ च्या दुष्काळांत ज्याच्या कामास हात लागला, तो नीरा डावा कालवा बारामतीवरून येऊन ह्या तालुक्यांत संपतो. वरच्या अंगास ऊस, वाटेंत पाझर; उरेल तें पाणी ज्याच्या वांट्यास, तो ‘टेलचा’ माणूस. ‘पुच्छ’ म्हटल्यानें व्याकरण संतुष्ट होतें, पण तहान कळत नाहीं.

इंडोनेशियन भाषेंत शेपटास ‘एकोर’ म्हणतात, आणि (गंमत अशी कीं) जनावरें मोजतांना हाच शब्द लावतात: दोन म्हशी म्हणजे ‘दुआ एकोर केर्बाउ’. पाण्याच्या खालच्या अंगास मात्र त्यांचा ‘हिलिर’ हा स्वतंत्र शब्द आहे. त्यांत शेपटाचा कमीपणा नाहीं. आम्हांस त्याचा हेवा वाटतो.

पाणी आधीं शेवटच्या शेतास, मग वर, ह्या पद्धतीस ‘टेल टू हेड’ म्हणतात. ‘आधीं शेपूट, मग डोकें’ असा तर्जुमा करून आम्हीं एका वृद्ध शेतकऱ्यास ऐकविला. तो म्हणाला, “पाणी उलटं चढतं व्हय, गुरुजी?” त्याच्या पाळीस अद्याप अवकाश होता.